छेद कोणता धरायचा?

जव्हारमध्ये उतार शोधावा लागत नाही. गावच डोंगरमाथ्यावर वसलेले. शाळेतून निघालेला मुलगा कोणत्याही दिशेला चालू लागला तरी कुठे ना कुठे रस्ता खाली उतरतोच. अशाच एका उतारावर आमच्या उर्दू शाळेची मुले सुट्टीच्या दिवशी बेरिंगची गाडी पळवतात. बसायला एक फळी, मागच्या दांड्याला दोन बेरिंगे, पुढच्या फिरत्या दांड्याला एक. सारी गॅरेजमधून मागून आणलेली. दिशा पायांनी द्यायची आणि ब्रेक म्हणजे चपलेचा तळ. डांबरावरून ती गाडी घरघरत खाली येऊ लागली की आया दारात येऊन ओरडतात, आणि आम्ही मास्तर लोक कडेला उभे राहून रागावल्यासारखे करीत बघत राहतो.

जगात ज्या मोटारशर्यतींना सर्वांत मोठा मान आहे, त्यांतल्या गाड्यांची चाकेही अशीच अंगाबाहेर उघडी असतात आणि बसायला जागा एकालाच असते. त्या हिशेबाने आमची फळीही त्याच घराण्यातली. गरीब शाखेतली म्हणा हवे तर.

या गाडीचा आमच्या गल्लीतला सर्वांत पट्टीचा चालक म्हणजे आमचाच एक माजी विद्यार्थी. वडिलांचे गॅरेज आहे. आता तोही तिथेच बसतो. २०२५ च्या मे महिन्यात त्याने आम्हाला रस्त्यात थांबवून मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवरची फॉर्म्युला टूची छोटी शर्यत बेंगळुरूच्या कुश मैनी याने जिंकली होती. फॉर्म्युला टूमध्ये तिथे जिंकणारा तो पहिला भारतीय. पोराच्या डोळ्यांत आनंद होता, पण एक शंकाही होती. त्याने विचारले, "सर, ये तो दसवां आया था ना? फिर इसको सबसे आगे क्यूं खडा किया?"

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर देता देता आम्ही चौदा वर्षे मागे गेलो, आणि तिथून फिरून आमच्याच शाळेतल्या एका कपाटापाशी येऊन थांबलो. तोच प्रवास वाचकांसमोर मांडत आहोत.

*

आधी चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. २०११ साली भारतात पहिल्यांदा फॉर्म्युला वनची शर्यत व्हायची होती. ग्रेटर नोएडाला बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट बांधून होत आले होते. त्याच वर्षी विजय मल्ल्या यांच्या फोर्स इंडिया या संघाने मुलांसाठी एक शोधस्पर्धा जाहीर केली. तिचे नाव होते 'वन फ्रॉम अ बिलियन', म्हणजे अब्जांतून एक. शहरांतल्या कार्टिंगच्या ट्रॅकवर निवडचाचण्या घ्यायच्या, गाळत गाळत थोडकी मुले उरवायची, आणि त्यांतून जो निघेल त्याला परदेशात शर्यतीचे शिक्षण द्यायचे, अशी ती कल्पना. कार्ट म्हणजे जमिनीला टेकल्यासारखी छोटी, उघड्या चाकांची, छत नसलेली गाडी. फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेल्या बहुतेक चालकांचे बालपण तिच्यावरच गेलेले असते.

या शोधातून तीन नावे पुढे आली: अर्जुन मैनी, जेहान दारूवाला आणि तरुण रेड्डी. अर्जुन तेव्हा तेरा वर्षांचा होता, जेहान त्याच्याहून काही महिन्यांनी लहान. ही निवड चुकली असे कोणी म्हणू शकणार नाही. मुंबईच्या जेहानने डिसेंबर २०२० मध्ये साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली, आणि तसे करणारा तो पहिला भारतीय ठरला. अर्जुन फॉर्म्युला टूमधून पुढे जर्मनीच्या डीटीएम मालिकेत गेला. मोनॅकोला जिंकलेला कुश हा त्याचाच धाकटा भाऊ. चाचणीत जी मुले वेगवान दिसली ती खरोखरच वेगवान होती. वशिला नव्हता, लबाडी नव्हती. घड्याळ कोणाचे नाव विचारीत नाही.

मग आमची तक्रार काय? तक्रार नाही, एक हिशेब आहे. आम्ही गणितही शिकवतो, आणि अपूर्णांक आला की मुलांना पहिली गोष्ट सांगतो की अंशाकडे बघून भुलू नका, आधी छेद बघा. या स्पर्धेच्या नावात अंश एक होता आणि छेद एक अब्ज. २०११ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १२१ कोटी भरली होती. नाव म्हणून अब्ज हा आकडा फार मोठा नव्हता. पण त्या अब्जातल्या किती मुलांनी तोवर कार्ट डोळ्यांनी पाहिली होती? किती मुलांच्या घरून ट्रॅक गाठता येण्याजोगा होता? मैनी कुटुंब बेंगळुरूचे उद्योजक, रेवा ही विजेवरची छोटी मोटार काढणारे. अर्जुन-कुशचे वडील स्वतः शर्यतीत उतरलेले. जेहानचे वडीलही मोठ्या कंपनीचे प्रमुख. यात त्या मुलांचा दोष शून्य. मुलाला एखाद्या गोष्टीचे वेड लागावे आणि ते वेड घराला परवडावे, यात मुलाने लाज बाळगण्यासारखे काही नाही. आमचे म्हणणे एवढेच की छेदात अब्ज माणसे नव्हती. छेद फार लहान होता आणि नाव फार मोठे होते.

कोणी म्हणेल, जाहिरातीच्या नावाला मास्तरांनी इतके काय धरून बसावे? धरतो ते अशासाठी की नावातला खोटा छेद उरलेल्या सगळ्यांवर एक निकाल लावून जातो. अब्जांतून तिघे निवडले म्हणजे बाकीचे सारे तपासले आणि कमी पडले, असा त्याचा अर्थ होतो. ज्याला कोणी कधी तपासलेच नाही तोही नापासांच्या यादीत जाऊन बसतो, आणि काही दिवसांनी त्याला स्वतःलाही तसेच वाटू लागते.

*

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६२ साली समतेच्या कल्पनेवर लिहिताना एक काल्पनिक समाज उभा केला होता. त्या समाजात योद्ध्यांना मोठा मान असतो, आणि योद्धे होण्यासाठी अंगात ताकद लागते. पूर्वी फक्त श्रीमंत घरांतलेच योद्धे होत. मग सुधारक येतात आणि नियम बदलतात: आता सर्वांसाठी खुली स्पर्धा, जो ताकदवान ठरेल तो योद्धा. तरीही निवडले जातात ते जवळपास सगळे श्रीमंतांचेच मुलगे, कारण बाकीची जनता इतकी अर्धपोटी असते की तिच्या मुलांच्या अंगात ताकदच भरत नाही. विल्यम्स विचारतो, दार उघडले हे खरे. पण त्या उघड्या दाराचा या मुलांना उपयोग काय?

हा दाखला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात काल्पनिक असेल. जव्हार-मोखाड्यात बसून वाचणाऱ्याला तो काल्पनिक वाटत नाही. १९९२-९३ साली याच तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. कुपोषण हा शब्द तेव्हापासून आमच्या तालुक्यांच्या नावाला जो चिकटला तो अजून पुरता सुटलेला नाही. २०१४ साली ठाणे जिल्हा तोडून पालघर जिल्हा झाला, कचेरी जवळ आली. पण पावसाळ्यात धो धो पाऊस झेलणाऱ्या मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो तो लागतोच. दिवाळी झाली की घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला उतरतात, पोरेबाळे घेऊन. अशा ठिकाणी "स्पर्धा सर्वांसाठी खुली आहे" हे वाक्य ऐकले की आम्हाला ते विल्यम्सचे योद्धे आठवतात.

पण याच डोंगरांनी आम्हाला उलटाही एक धडा दिलेला आहे. जव्हार-मोखाड्याला लागूनच नाशिक जिल्ह्याचा हरसूलचा भाग येतो. तिथल्या सावरपाड्याची कविता राऊत. घरची गरिबी, वाटा चढउतारांच्या, आणि पायांत धावण्याचे वेड. नाशिकला विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली ती घडली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने ब्राँझपदक जिंकले, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि २०१६ साली ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. लोक तिला सावरपाडा एक्सप्रेस म्हणू लागले.

कविता सापडली ती का सापडली? तिच्यातली गुणवत्ता हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर असे की धावायला जे साधन लागते ते अल्लाने तिला जन्मतःच दिले होते. दोन पाय आणि एक वाट. म्हणून तिची धाव दिसली, आणि दिसली म्हणून कोणाला तरी तिला हात देता आला. गुण साधनावाचून दिसत नाही. बासरी न पाहिलेल्या मुलाचा श्वास किती लांब आहे हे कोण सांगणार? आमच्या पाड्यांवर कदाचित एखादी मुलगी अशी असेल की जिची नजर आणि हात वळणावर सेकंदाच्या शंभराव्या भागात जुळतात. ती बैलगाडीत बसून वीटभट्टीवर जाते. तिला स्वतःला हे कधीच कळणार नाही.

*

इथे आमच्या स्टाफरूममधले एक सहकारी नेहमी एक आक्षेप घेतात, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, "मोटारशर्यत हा श्रीमंतांचा खेळ आहे. मोखाड्यात आधी पाणी येऊ द्या, डॉक्टर येऊ द्या. कार्टची चिंता कशाला?" क्रमाच्या दृष्टीने त्यांचे खरेच आहे. पण गरिबाच्या वाट्याला फक्त गरजा आणि श्रीमंताच्या वाट्याला आवडी, अशी वाटणी एकदा मान्य केली की गरिबाच्या मुलाला आपण माणूस म्हणून अर्धाच मोजतो. उतारावरून बेरिंगच्या गाडीत येणाऱ्या मुलाला पाण्याची गरज आहे आणि वेगाची हौसही आहे. दोन्ही त्याचीच आहेत.

दुसरा आक्षेप पैशाचा. फॉर्म्युला टूच्या एका मोसमाचा खर्च वीस कोटी रुपयांच्या आसपास सांगितला जातो. एवढा पैसा कोणी सर्वांवर कसा उधळणार? कोणाला तरी एकाला निवडावेच लागणार. यावर लोक लुईस हॅमिल्टनचे नाव घेतात. त्याच्या वडिलांनी एकाच वेळी अनेक नोकऱ्या करून त्याचे कार्टिंग चालवले, १९९८ मध्ये मॅक्लारेन संघाने त्याला पंखाखाली घेतले, आणि तो सात वेळा जगज्जेता झाला. दाखला खरा आहे. पण मॅक्लारेनने हात दिला तेव्हा हॅमिल्टन कार्ट चालवत होता. ती पहिली, जुनी, वापरलेली कार्ट बापाने घेऊन दिली होती. आजच्या खर्चात आपल्यासारख्या घरातल्या मुलाला हा रस्ता उरलेला नाही, असे हॅमिल्टन स्वतःच सांगत आला आहे.

आता त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर. फॉर्म्युला टूमध्ये दर आठवडाअखेरीस दोन शर्यती असतात. मोठ्या शर्यतीत पात्रता फेरीतल्या क्रमाने गाड्या उभ्या करतात. छोट्या शर्यतीत मात्र पहिले दहा क्रमांक उलटे करतात: दहावा सर्वांत पुढे, पहिला दहाव्या जागी. ओव्हरटेकिंग व्हावे, शर्यत रंगावी, मागे राहिलेल्यालाही मोकळ्या रस्त्यावर आपला वेग दाखवता यावा, म्हणून हा नियम. कुश मैनी मोनॅकोला त्यामुळेच पुढे उभा होता. पण पुढे उभे केले म्हणून शर्यत कोणी जिंकून देत नाही. भिंतींना घासून जाणाऱ्या त्या रस्त्यांवर मागच्या सगळ्यांना अखेरपर्यंत मागे ठेवणे हे त्याने स्वतःच केले.

हे आम्हाला फार बोलके वाटले. ज्या खेळाला लोक निखळ गुणवत्तेचे मैदान म्हणतात, तो खेळही स्वतःहून मान्य करतो की सुरुवातीची जागा म्हणजे गुणवत्ता नव्हे. दहाव्याला पुढे आणले म्हणून त्याचा चषक कोणी अर्धा मानत नाही. हो, छोट्या शर्यतीला गुण कमी असतात, जिंकणाऱ्याला दहा, तर मोठ्या शर्यतीत पंचवीस. पण मानवंदनेच्या वेळी राष्ट्रगीत पूर्णच वाजते. आपल्याकडे मात्र शाळा-कॉलेजात मागे उभ्या केलेल्यांना जरा पुढे घेतले की पिढ्यान् पिढ्या त्यांच्या यशाकडे संशयाने पाहिले जाते.

आम्ही हे सारे त्या पोराला उत्साहाने सांगितले. त्याने ऐकून घेतले, हात फडक्याला पुसले आणि विचारले, "और जो ग्यारहवां था, सर?"

अकरावा अकरावाच राहतो. उलटापालट होते ती आत पोहोचलेल्या दहा जणांत. आम्ही गप्प झालो. या पोराला तो प्रश्न विचारण्याचा हक्क होता, आणि तो का होता हे त्याला नसेल पण आम्हाला ठाऊक होते.

*

उर्दूत शिष्यवृत्तीला वजीफा म्हणतात. अरबीतून आलेला हा शब्द. नेमून दिलेला, नित्याचा वाटा असा त्याचा जुना अर्थ. रोज नेमाने करायच्या जपालाही म्हणूनच वजीफा म्हणतात. मराठी शब्द शिष्यवृत्ती. शिष्याच्या उपजीविकेची सोय. दोन्ही शब्दांत पहिला क्रमांक कुठेही नाही. शिकणाऱ्याचे शिकणे थांबू नये एवढेच दोघांना म्हणायचे आहे. शर्यत आपण नंतर घुसवली.

आमच्याकडे आठवीला केंद्र सरकारची एनएमएमएस परीक्षा असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तरच बसता येते. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, अशा ९० गुणांच्या दोन चाचण्या. यादीत आलेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. या योजनेची एक गोष्ट आम्हाला मनापासून आवडते. इथे उत्पन्नाला वरची मर्यादा आहे, आणि ती कागदावर लिहिलेली आहे. मोटारशर्यतीच्या शोधात उत्पन्नाला खालची मर्यादा होती, आणि ती कुठेच लिहिलेली नव्हती.

तरीही इथेसुद्धा छेद पुरता सरळ नाही. परीक्षा बहुधा डिसेंबरात होते, आणि दिवाळीनंतर पाडे रिकामे झालेले असतात. मोखाड्याच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलगी तेव्हा भिवंडीकडच्या भट्टीवर धाकट्या भावाला सांभाळत असते. हजेरीपटावर नाव आहे, अर्ज भरलेला आहे, बाक रिकामा आहे. गैरहजर एवढाच शेरा तिच्या नावापुढे पडतो.

हे सारे सरकारच्या माथी मारून आम्ही मोकळे झालो असतो. पण २०२२ साली निवड आम्हीच केली होती. एका सद्गृहस्थांनी शाळेला सराव-पुस्तकांचे वीस संच दिले होते. आठवीच्या वर्गात एकेचाळीस मुले. आम्ही चाचणी घेतली, गुणांप्रमाणे यादी लावली, पहिल्या विसांना पुस्तके दिली आणि जादा तासाला बसवले. चाचणी चोख होती. गॅरेजवाल्याचा मुलगा तेविसावा आला. चाचणीच्या आदल्या आठवड्यात तो वडिलांसोबत कामावर होता, हे आम्हाला माहीत होते. पण नियम म्हणजे नियम. त्यातले चौघे त्या वर्षी शिष्यवृत्तीच्या यादीत आले. शाळेत पेढे वाटले.

काही महिन्यांनी विज्ञानाच्या तासाला आम्ही जडत्व शिकवत होतो. वळणावर गाडी बाहेर का फेकली जाते हे आम्ही पुस्तकातून सांगत असताना तोच मुलगा उठून म्हणाला की फेकली जात नाही सर, ती सरळ जात असते, रस्ता वळतो. मग बेरिंगच्या गाडीत वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात नाही, हे त्याने फळ्यावर रेघ मारून दाखवले. पुस्तकातले आमचे वाक्य त्याच्या वाक्यापेक्षा कच्चे होते. त्या दिवशी घरी जाताना आम्हाला ते तेवीस आणि वीस हे आकडे सारखे आठवत राहिले.

पुढच्या वर्षी आम्ही नियम बदलला. पहिल्या चाचणीनंतर कोणालाच निवडले नाही. तीन आठवडे दोघांत एक पुस्तक देऊन सगळ्यांना शिकवले, मग दुसरी चाचणी घेतली. दहा मुले गुणांवर घेतली आणि दहा मुले दोन चाचण्यांमधल्या वाढीवर. कोण कुठे आहे यापेक्षा कोण किती सरकला ते पाहायचे, असा आमचा विचार. स्टाफरूममध्ये वाद झाला. सहकारी म्हणाले की तयार मुलांना सोडून तुम्ही शाळेचा निकाल पाडणार. निकाल पडला म्हणता येणार नाही, पण चारांचे तीन झाले. त्या तिघांत एक मुलगा वाढीवर घेतलेला होता.

आणि एक मुलगी. ती जुन्या नियमाने बाराव्या क्रमांकावर होती. वीस संचांत सहज बसली असती. पण तिची वाढ थोडी, म्हणून नव्या नियमाने ती बाहेर गेली. तिचे अब्बा शिवणकाम करतात. ते शाळेत आले, आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले, "सर, मेरी बच्ची आगे थी, यही उसका कुसूर हुआ?" आम्ही त्यांना विल्यम्सचे योद्धे सांगू शकलो नाही. आमचा स्वतःचा संच तिला दिला. ती घरी अभ्यास करून परीक्षेला बसली. यादीत तिचे नाव थोडक्यासाठी आले नाही. जादा तासाला असती तर आले असते का? कदाचित. एकावरचा अन्याय दूर करायला गेलो आणि तो दुसरीच्या पाटीवर ठेवून आलो, असे मानायला आम्ही आजही तयार आहोत.

*

या दोन वर्षांनी आम्हाला जे शिकवले ते एवढेच. आम्ही दोन्ही वेळा एकाच प्रश्नात अडकलो होतो की वीस कोण? गुणवान वीस की होतकरू वीस? पण खरा प्रश्न वेगळा होता: वीसच का? वीस हा आकडा अल्लाने दिलेला नव्हता, निसर्गाचाही नव्हता. तो एका कपाटात मावलेल्या पुस्तकांचा आकडा होता. आम्ही तो नियतीसारखा मानला आणि मग न्यायाची चर्चा करीत बसलो. २०२४ मध्ये आम्ही काही शिक्षकांनी वर्गणी काढून उरलेल्या संचांच्या झेरॉक्स काढल्या. बाइंडिंगसह तो खर्च आमच्यातल्या एकाच्याही मोबाइलच्या किमतीइतका झाला नाही. इतके सोपे उत्तर सापडायला आम्हाला दोन वर्षे आणि दोन मुले लागली.

काही जागा खरोखरच मोजक्या असतात. फॉर्म्युला वनमध्ये २०२६ च्या मोसमात अकरा संघ आणि बावीस गाड्या. जगातल्या साऱ्या पोरांनी कितीही जीव टाकला तरी चालक बावीसच होणार. तिथे स्पर्धा हवी, घड्याळ हवे, आणि जो मंद आहे त्याला मंद म्हणायचे धैर्यही हवे. पण शेवटची जागा एकच असते म्हणून पहिली जागाही एकच असायला हवी, असे कुठे आहे? मोजक्या जागांचा नियम आपण टोकावरून उचलतो आणि पायथ्याशी आणून लावतो. शाळेच्या कपाटाला लावतो, ट्रॅकच्या दाराला लावतो. मग म्हणतो, काय करणार, गुणवत्ता दुर्मीळ असते.

शोधस्पर्धा भरवणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. तुमच्या पैशाचा मोठा भाग पहिल्या पायरीवर खर्च करा. निदान काही शे मुलांना, ट्रॅकपासून दूरच्या तालुक्यांतल्याही, गाडीला हात लावू द्या, चार चुका करू द्या, आणि मग घड्याळ सुरू करा. ते जमणार नसेल तर नाव तरी खरे ठेवा. ज्यांना तुम्ही पाहिलेच नाही त्यांना आपल्या छेदात घालू नका. स्पर्धा एवढेच सांगू शकते की आलेल्यांत पुढे कोण. न आलेल्यांबद्दल बोलण्याचा तिला अधिकार नाही.

फोर्स इंडिया संघ २०१८ साली कर्जात बुडून प्रशासकाच्या ताब्यात गेला, आणि मालक बदलून, नावे बदलून तो आज ॲस्टन मार्टिन झाला आहे. ग्रेटर नोएडाची फॉर्म्युला वन शर्यत तर २०१३ नंतर झालीच नाही. पैसा आटला की अब्जांचा शोध असा संपतो. आमच्या उतारावरचा शोध मात्र चालू आहे.

तो पोरगा आता वजीफ्याच्या वयाचा राहिला नाही. त्याच्यासाठी आम्ही काही करू शकलो नाही, आणि हे लिहून त्याची भरपाई होते असेही आम्ही समजत नाही. गॅरेजच्या एका पत्र्याच्या डब्यात तो जुनी बेरिंगे साठवून ठेवतो. गल्लीतले कोणतेही पोर येऊन मागू लागले की डबा पुढे करतो. तुला गाडी चालवता येते का, तू किती जोरात चालवतोस, हे तो आधी विचारत नाही.